बाबांच्या हरिपाठासाठी

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर आईने सांगितले, की बाबा आता "देवाने मला कशाला मागे ठेवले?" एवढेच अडखळत विचारतात आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. रात्रभर तो प्रश्न मनातून गेला नाही. फोनवर बाबांना बोलताना त्रास होतो आणि मला रडू आवरत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. आई, ते तू त्यांना सावकाश वाचून दाखव.

बाबा, उजवी बाजू लुळी पडली आणि जिभेवरचे शब्द हरवले, हे दुःख लहान नाही, आणि "यातही काही चांगले असेल" असे मी तुम्हाला मुळीच म्हणणार नाही. हे गेले तेव्हा मला असे म्हणणारी माणसे घरात येत होती आणि त्यांचे ते बोलणे सहन होत नसे. तुम्ही मात्र तसे एकदाही म्हणाला नाहीत. रोज संध्याकाळी दिवेलागणीला फोन करून "चल, हरिपाठ म्हणू" एवढेच म्हणायचात. तेव्हा माझे मन त्यात नसे, ओठ तेवढे हलत. तरीही काही महिन्यांनी माझ्या ध्यानात आले, की दिवसभर कोसळत राहणारी मी त्या वेळेपुरती तरी सावरून बसते आहे, आणि पुढे त्याच सावरण्यातून घर, नोकरी आणि मुलांच्या शाळा पेलण्याचे बळ आले.

तुकोबांच्या "याति शूद्र वंश" या अभंगाकडे मी पुन्हा वळले, ते याच कारणाने. 1630-31 च्या दुष्काळाने त्यांचे काय केले, हे तुम्हीच आम्हाला लहानपणी सांगितले होते. आईवडील आधीच गेलेले, व्यापार बुडालेला, मान गेलेला, आणि "स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली" हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यानंतर त्यांना एकदम साक्षात्कार झाला आणि दुःख संपले, असे मात्र त्या अभंगात नाही. आधी एक मोडके देऊळ नीट करावेसे वाटले. मग एकादशीला कीर्तन सुरू केले, आणि तेव्हाच्या मनाची अवस्था ते किती प्रांजळपणे सांगतात: "आरंभीं कीर्तन करीं एकादशी । नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं". पुढे संतांची वचने पाठ केली, गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून धृपद धरले. एवढा मोठा माणूस आधी मागे उभा राहून साथ करत होता, ही गोष्ट मला फार धीर देते. मन लागल्यावर साधना करू, असे त्यांनी म्हटले नाही. म्हणून मला वाटते, की संकट आपोआप कोणाला मोठे करत नाही, ते माणसाला मोडूनही टाकते. त्या मोडलेल्या दिवसांत आपण रोज काय धरून बसतो, त्यावर पुढचे ठरते.

आता तुमच्याविषयी. आई सांगत होती, की परवा दिवा लावताना तिने सहज "देवाचिये द्वारीं" म्हटले आणि तुमच्या तोंडून "उभा क्षणभरी" पूर्ण, स्पष्ट आले. त्याच सकाळी तुम्हाला "पाणी" हा शब्द सापडत नव्हता! वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना मी हे कळवले, तेव्हा त्या म्हणाल्या, की अर्धांगवायूनंतर साधे बोलणे अडले, तरी वर्षानुवर्षे चालीवर म्हटलेल्या ओळी पुष्कळदा शाबूत राहतात आणि त्या मोठ्याने म्हणणे हा वाचेचा चांगला सराव आहे. पन्नासहून अधिक वर्षे तुम्ही जे म्हटले, ते या आजारालाही पुसता आलेले नाही.

तेव्हा माझी विनंती अशी, की संध्याकाळचा हरिपाठ पुन्हा सुरू करा. सगळे अभंग नकोत, पहिला एकच पुरे. आई चरण सुरू करील आणि जमेल तो शब्द तुम्ही उचला, न जमल्यास नुसते धृपद धरा. टाळाची एक वाटी आईने धरावी आणि दुसरी तुम्ही डाव्या हाताने तिच्यावर वाजवावी. ताल चुकला तरी चालेल. मन लागत नसेल, तर तेही चालेल. मी त्या वेळी फोनवर असेन, आणि या वेळी "चला, हरिपाठ म्हणू" असे मी म्हणेन.

आई, तू दिवसभर बाबांचे करतेस आणि तुझे गुडघे दुखतात हे सांगत नाहीस. हरिपाठाला खाली बसू नकोस, खुर्ची घे. बाबांना उठवायला-बसवायला मदतनीस ठेवण्याचे मी पक्के केले आहे, त्याला नाही म्हणू नकोस. शनिवारी मुलांना घेऊन येते, रविवारी रात्रीपर्यंत राहीन. मोठ्या अक्षरांतला हरिपाठ आणि बाबांची औषधे सोबत आणते आहे. आणखी काही लागत असेल तर शुक्रवारपर्यंत कळव.

तुमची लेक