जिम फ्युरिकच्या स्विंगमधून नेमके काय उचलावे?

संपादक महाशय,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेचा व्यावसायिक गोल्फपटू जिम फ्युरिक याच्यासारखा वेगळ्या धाटणीचा स्विंग, म्हणजे चेंडू मारण्यासाठी क्लब (गोल्फची काठी) फिरवण्याची पद्धत, नव्याने गोल्फ शिकणाऱ्या मुलांनी उचलावा की नाही, हा प्रश्न मैदानावर आणि पालकांच्या बोलण्यात वारंवार निघतो. जगातल्या कोणत्याही खेळाडूचा स्विंग मोबाइलवर संथ गतीत पाहता येऊ लागल्यापासून तो केवळ चर्चेपुरता राहिलेला नाही. मुले सकाळी चित्रफीत पाहतात आणि संध्याकाळी ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर, तसे करून बघतात. पुण्यात किशोरवयीन खेळाडूंना शिकवणारा प्रशिक्षक या नात्याने हे पत्र लिहीत आहे, कारण ‘असला स्विंग कधीच करू नये’ असे बजावणारे आणि ‘त्याला जमले तर आपल्याला का नाही’ असे विचारणारे, दोघेही फ्युरिककडे नीट पाहत नाहीत असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांनी हा स्विंग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन आवश्यक आहे. बहुतेक प्रशिक्षक क्लब मागे नेताना आणि खाली आणताना तो साधारण एकाच तिरप्या पातळीत राहावा असे शिकवतात. फ्युरिक मात्र क्लब जवळजवळ उभा वर नेतो, हात शरीरापासून दूर आणि उंच जातात, आणि वरच्या टोकाला पोहोचल्यावर तोच क्लब तो पाठीच्या बाजूने खाली पाडून बऱ्याच आडव्या पातळीत चेंडूकडे आणतो. मागून पाहिले तर क्लबच्या टोकाने हवेत मोठा वळसा काढलेला दिसतो. समालोचक डेव्हिड फेहर्टी यांनी त्याला झाडावरून पडणाऱ्या ऑक्टोपसची उपमा दिली आणि ती इतकी गाजली की लोकांच्या लक्षात ऑक्टोपस राहिला, चेंडू कुठे जातो हे राहिले नाही. ज्या स्विंगने 2003 मध्ये ऑलिम्पिया फील्ड्सवर यूएस ओपन जिंकली, पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेत 17 विजेतेपदे मिळवली, 2013 मध्ये एका फेरीत 59 आणि 2016 मध्ये ट्रॅव्हलर्स चॅम्पियनशिपच्या शेवटच्या फेरीत 58 फटके नोंदवले, त्याला सदोष म्हणणे मला तरी शक्य नाही. 58 फटक्यांची ती फेरी पीजीए टूरच्या इतिहासातली सर्वांत कमी फटक्यांची फेरी आहे, आणि ती खेळला तेव्हा तो 46 वर्षांचा होता.

मग तो स्विंग शिकवावा का? याचे उत्तर क्लब आणि चेंडू यांच्या भेटीच्या क्षणात शोधावे लागते. ही भेट सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकीच टिकते. चेंडू कोणत्या दिशेला निघणार हे मुख्यतः त्या क्षणी क्लबचा चेहरा कुठे वळलेला आहे यावर ठरते, आणि तो हवेत डावीकडे वळणार की उजवीकडे, हे चेहऱ्याची दिशा आणि क्लबच्या प्रवासाची दिशा यांतल्या फरकावर ठरते. क्लब तिथपर्यंत कोणत्या वाटेने आला, याचा चेंडूवर वेगळा असा काही परिणाम होत नाही. फ्युरिकचे त्या क्षणाचे छायाचित्र पाहावे: वजन डाव्या पायावर गेलेले, कंबर लक्ष्याकडे उघडलेली, उजवे कोपर अंगाशी, हात चेंडूच्या किंचित पुढे. नेटक्या स्विंगसाठी वाखाणल्या जाणाऱ्या कोणत्याही खेळाडूचे त्याच क्षणाचे छायाचित्र शेजारी ठेवले, तर या बाबतीत दोघांत फारसा फरक सापडणार नाही.

म्हणजे वळसा हे त्याच्या यशाचे कारण नव्हे. क्लब उभा वर नेल्यामुळे निर्माण झालेली अडचण खाली येताना दूर करणारी ती दुरुस्ती आहे, आणि लहानपणापासून केलेल्या सरावामुळे ती त्याच्या शरीरात इतकी मुरली आहे की दर वेळी अचूक तशीच होते. तो वळसा उचलणारा मुलगा अडचण आणि दुरुस्ती दोन्ही उचलत असतो. त्यातली अडचण लगेच जमते आणि दुरुस्ती जमत नाही. याचे कारणही साधे आहे. बॅकस्विंग, म्हणजे क्लब मागे-वर नेणे, सावकाश होतो, त्यामुळे डोळ्यांना तो दिसतो. क्लब मागे पाडण्याची हालचाल क्षणार्धात होते, तिची सुरुवात कंबरेपासून होते आणि संथ गतीच्या चित्रफितीतही ती हातांनीच केल्यासारखी भासते. परिणामी मूल क्लब उभा वर नेते आणि तसाच उभा, बाहेरच्या बाजूने खाली आणते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू मग उजवीकडे वळत जातो, ज्याला आपण स्लाइस म्हणतो. हातांनी क्लब मागे पाडण्याचा अट्टहास केला तर तो चेंडूआधी जमिनीवर आदळतो. आठवड्यातून दोन-तीनदा रेंजवर येऊन बादलीभर चेंडू मारणाऱ्या शाळकरी मुलाला हा मेळ बसवायला लागणारा वेळ मिळणार कुठून?

माझ्या मते कसोटी अशी असावी: स्विंगमधला वेगळेपणा हालचाली कमी करतो की एका हालचालीची भरपाई करण्यासाठी दुसरी वाढवतो? कॅनडाच्या मो नॉर्मनचे उदाहरण येथे फार महत्त्वाचे आहे. पाय रुंद फाकवून, हात चेंडूच्या दिशेने ताठ पसरून, दंड आणि क्लब एका सरळ रेषेत ठेवून तो उभा राहत असे. त्याच्या या ठेवणीचीही थट्टा झाली. परंतु क्लब आणि चेंडू यांच्या भेटीच्या वेळी हात ज्या रेषेत येणार, त्याच रेषेत ते आधीपासून ठेवल्यामुळे मधल्या काळात बदलण्यासारखे फार थोडे उरत होते. त्याने 1955 आणि 1956 मध्ये सलग दोनदा कॅनडाची हौशी अजिंक्यपद स्पर्धा जिंकली, आणि त्याच्या फटक्यांचा सरळपणा आजही गोल्फमध्ये दाखल्यादाखल सांगितला जातो. ही पद्धत विचित्र दिसत असली तरी तिच्यामागचे कारण दुसऱ्याला समजावून सांगता येते, म्हणून ती शिकवताही येते. ब्रायसन डिशॅम्बोने बऱ्याच अंशी त्याच विचाराने आपला स्विंग उभारला, शिवाय सर्व आयर्न क्लब, म्हणजे एरवी वेगवेगळ्या लांबीचे असणारे धातूच्या पात्याचे क्लब, एकाच लांबीचे करून घेतले, आणि 2020 व 2024 मध्ये यूएस ओपन जिंकली. एकसारख्या लांबीच्या क्लबची प्रथा इतर व्यावसायिकांत रुजली नाही, हेही खरे. तरी त्याने नुसते रूप न उचलता त्यामागचे कारण उचलले, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

काही स्विंग तर त्या-त्या शरीराचेच असतात. अमेरिकेच्या कॅल्व्हिन पीटचे डावे कोपर लहानपणी मोडले आणि तो हात पुन्हा पूर्ण सरळ झाला नाही. ‘डावा हात सरळ ठेवा’ हा गोल्फमधला पहिला धडा ज्याला पाळताच येत नव्हता, तो खेळाडू 1981 ते 1990 अशी सलग दहा वर्षे पीजीए टूरवर फेअरवे (मैदानातला गवत कापलेला मधला पट्टा) गाठण्याच्या अचूकतेत पहिला राहिला. कोरियाचा चोई हो-सुंग मासे हाताळण्याच्या कारखान्यात उजव्या अंगठ्याचे टोक गमावून बसला, विशी उलटून गेल्यावर गोल्फकडे वळला, आणि फटका मारून झाल्यावर एका पायावर गिरकी घेणाऱ्या त्याच्या स्विंगने 2018 मध्ये जपानमधली कॅसिओ वर्ल्ड ओपन जिंकली. अशा खेळाडूंपुढे मान झुकते. तरीही धडधाकट मुलाने पीटसारखे कोपर वाकवावे किंवा चोईसारखी गिरकी घ्यावी असे कोणी सुचवणार नाही.

याचा अर्थ अनुकरणच वाईट असा कोणी काढू नये. आपल्या देशातले कितीतरी उत्तम गोल्फपटू केवळ पाहून शिकले आहेत. इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर दिल्लीत कॅडी होता, एस. एस. पी. चौरासियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये हिरवळ राखण्याचे काम करीत, आणि त्या मुलाने पुढे 2016 व 2017 मध्ये सलग इंडियन ओपन जिंकली. खिशात प्रशिक्षकाची फी नसलेल्या मुलांसाठी पाहणे हीच शाळा होती. मात्र दुसऱ्याची बॅग खांद्यावर घेऊन दिवसभर चालणारा कॅडी फटक्याच्या रूपाबरोबर चेंडू कुठे पडला हेही पाहत असतो, आणि मोबाइलवरच्या काही सेकंदांच्या चित्रफितीत नेमके तेच दिसत नाही.

आता प्रशिक्षकांविषयी, कारण दोष सगळा मुलांचा नाही. चित्रफितीवर रेघा ओढून प्रत्येक मुलाला एकाच साच्यात बसवण्याची सवय आपल्याकडे वाढते आहे. उंच-सडपातळ आणि बुटक्या-रुंद मुलाच्या स्विंगची पातळी एक असूच शकत नाही, आणि मनगटे, खांदे, कंबर किती वळते हेही प्रत्येकाचे निराळे असते. जीव मिल्खा सिंग याच्या स्विंगलाही पाठ्यपुस्तकी म्हणता येत नव्हते. तो लहानपणी कोणा साचेबंद प्रशिक्षकाच्या हाती लागला असता, तर 2006 मध्ये वॉल्व्हो मास्टर्स जिंकणारा गोल्फपटू आपल्याला मिळाला असता का, अशी शंका मला येते.

फ्युरिकच्या कथेत मला सर्वांत अनुकरणीय वाटतात ते त्याचे वडील. माइक फ्युरिक स्वतः गोल्फचे व्यावसायिक प्रशिक्षक होते आणि मुलाचे जवळजवळ एकमेव गुरूही तेच राहिले. मुलाचा स्विंग चारचौघांसारखा नाही हे त्यांना दिसत नसेल असे म्हणणे हास्यास्पद आहे. तरी त्यांनी तो मोडला नाही, कारण चेंडू हवा तिथे जात होता. याच वडिलांनी पटिंगसाठी, म्हणजे हिरवळीवर चेंडू खळग्यात ढकलण्याच्या फटक्यासाठी, मात्र मुलाला अगदी सुरुवातीपासून हातांची उलटी पकड शिकवली, म्हणजे डावा हात खाली आणि उजवा वर. अर्नोल्ड पामर आणि गॅरी प्लेअर यांच्याकडे विचारपूस करून त्यांनी तो निर्णय घेतला, असे फ्युरिक कुटुंबाकडून सांगितले गेले आहे. म्हणजे एके ठिकाणी मुलाचे नैसर्गिक वेगळेपण त्यांनी राखले आणि दुसऱ्या ठिकाणी जाणीवपूर्वक एक वेगळेपण दिले, आणि दोन्ही वेळा निर्णयाला आधार होता. असा गुरू लाभणे हे त्या 58 फटक्यांच्या फेरीइतकेच दुर्मीळ आहे.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे की मुलाचा स्विंग बदलण्याचा सल्ला कोणी दिला, तर आधी तीन-चार गोष्टी विचाराव्यात. चेंडू दर वेळी साधारण एकाच दिशेला निघतो का, एकाच क्लबने मारलेल्या फटक्यांचे अंतर सारखे पडते का, स्पर्धेच्या दडपणाखाली स्विंग टिकतो का आणि खेळल्यानंतर मुलाची पाठ किंवा मनगट दुखते का. यांतले शेवटचे उत्तर ‘हो’ असेल तर बाकीची उत्तरे कितीही चांगली असली तरी बदल केलाच पाहिजे, कारण वाढत्या वयातल्या पाठीवर स्विंगचा ताण पडतो. पहिल्या तिन्हींचे उत्तर समाधानकारक असेल आणि दुखणे नसेल, तर तो स्विंग कसाही दिसो, त्याला हात लावू नये. राज्यातल्या ज्युनिअर प्रशिक्षण वर्गांत चित्रफितीवर रेघा ओढण्याआधी या नोंदी काही आठवडे ठेवल्या जाव्यात, आणि त्या नोंदींची प्रत पालकांच्याही हाती असावी.

आपला,
एक गोल्फ प्रशिक्षक, पुणे