टायरवरचे शेवटचे अक्षर

महोदय,

टायर बदलताना दुकानदाराने माझ्या मोटारीला ‘व्ही’ऐवजी ‘टी’ अक्षराचे टायर दाखवले आणि वर ‘एवढ्या वेगाने कोण हाकतंय?’ असेही विचारले. टायरवर छापलेल्या ‘२०५/५५ आर १६ ९१ व्ही’ यातील ‘व्ही’ म्हणजे टायर पेलू शकेल असा कमाल वेग ताशी २४० किलोमीटर, तर ‘टी’ म्हणजे १९०. समृद्धी महामार्गावर मोटारींची मर्यादा १२० असताना त्याचे म्हणणे वरकरणी पटते. परंतु ही अक्षरे फिरत्या ड्रमवर, नव्या टायरमध्ये ठरावीक हवा व भार ठेवून, टप्प्याटप्प्याने वेग वाढवत घेतलेल्या चाचणीतून ठरतात. आपले टायर मात्र झिजलेले, कमी हवेचे आणि वैशाखात तापलेले असतात; म्हणून अक्षरातली ती जादा क्षमता हवीच. हवा कमी असली की बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक दुमडते, आतली उष्णता वाढते आणि अखेर वरचा थर सुटतो. २०१९ मध्ये बुगाटी शिरॉन या अतिवेगवान मोटारीने जर्मनीत ताशी ४९० किलोमीटर गाठले, तेव्हा खास मजबूत केलेल्या मिशेलिन टायरांचे आधी क्ष-किरणांनी परीक्षण झाले होते. आपल्याकडे साधी हवा तपासायचाही कंटाळा! विक्रेत्यांनी हे अक्षर आणि टायर किती जुने ते कळावे म्हणून उत्पादनाचा आठवडा बिलावर लिहिणे सक्तीचे करावे.

– एक वाचक, नाशिक