तक्रार: ‘नैसर्गिक’ म्हणून पाठवलेले कृत्रिम केस आणि कसर लागलेली पिसं

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: फ्लाय बांधण्यासाठी मागवलेल्या केस-पिसांबद्दल तक्रार

महोदय,

मासेमारीच्या फ्लाय, म्हणजे गळावर केस-पिसं बांधून केलेली किड्यासारखी आमिषं, मी स्वतःच्या हातानं बांधतो. गेल्या महिन्यात तुमच्याकडून हरणाच्या केसांचं एक आणि कोंबड्याच्या मानेच्या पिसांचं एक अशी दोन पाकिटं मागवली. दोन्हींवर ‘१०० टक्के नैसर्गिक’ असं छापलेलं आहे.

आधी केसांचं सांगतो. एक बट कापून गळाच्या दांड्यावर धरली, दोऱ्याचे दोन सैल वेढे घेतले आणि दोरा ओढला. हरणाच्या अंगावरच्या केसात हवेचे बारीक कप्पे असतात. दोरा आवळला की केस तिथं दबतो आणि पिसाऱ्यासारखा फुलून उभा राहतो. फ्लाय तरंगते तीही या हवेमुळेच. तुमची बट मात्र तशीच आडवी पडून राहिली. टोकं पाहिली तर निमुळती नाहीत, कात्रीनं छाटल्यासारखी बोथट. शेवटी चिमट्यात चार केस धरून ज्योतीला लावले. खरा केस जळला की करपल्याचा ओळखीचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. इथं प्लॅस्टिकचा वास आला आणि टोकाला काळी, टणक गाठ झाली. कृत्रिम धाग्यांशी माझं वैर नाही, मोठ्या फ्लायसाठी मीही ते वापरतो. पण मग पाकिटावर तसं लिहा.

पिसांची गोष्ट याहून गंभीर आहे. ते पाकीट मी माझ्या पेटीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी उघडलं तेव्हा पिसांच्या बुडाशी वाळूसारखे कण, जाळीचे धागे आणि एक पांढरट अळी दिसली. त्याच पेटीत माझी आठ वर्षांत जमवलेली पिसं आहेत. आता ती सगळी पिशव्यांत बांधून फ्रीझरमध्ये आहेत आणि त्यातलं काय वाचेल हे मला आज सांगता येत नाही. हे लिहितानाही जीव तुटतो.

फोटो पाठवल्यावर तुमच्याकडून उत्तर आलं की नैसर्गिक मालाच्या रंगात थोडा फरक असतो. रंगाबद्दल मी एक शब्दही लिहिला नव्हता.

दोन्ही पाकिटांचे पैसे आणि परतीचा टपालखर्च मला मिळावा. त्या खेपेतली उरलेली पिसं तपासल्याशिवाय कुणालाही पाठवू नका. यापुढे पाकिटावर प्राण्याचं नाव आणि केस अंगाच्या कुठल्या भागाचे आहेत तेही छापा. शेपटीचे लांब केस अंगावरच्या केसांइतके फुलत नाहीत, त्यामुळं नुसतं ‘हरीण’ लिहून बांधणाऱ्याला काही कळत नाही. शिवाय कित्येक पशुपक्ष्यांना कायद्यानं संरक्षण आहे. आपल्या हातात आलेला केस कुणाचा आहे हे घेणाऱ्याला ठाऊक असायलाच हवं.

उरलेले केस आणि अळीसकट पिसं वेगवेगळ्या पिशव्यांत बंद करून ठेवली आहेत. कुठल्या पत्त्यावर पाठवू ते कळवावं.

आपला,
एक ग्राहक