सेगर्सच्या छापांना ‘प्रती’ म्हणू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला सतराव्या शतकातील डच निसर्गचित्रकारांवरचा लेख आवडला. हर्क्युलेस सेगर्सला मात्र त्यात दोनच वाक्ये मिळाली: तो दारूच्या नशेत जिन्यावरून पडून मेला आणि त्याच्या चित्रांच्या ‘प्रती’ थोड्याच उरल्या. याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही.

जिन्याची गोष्ट चित्रकार-लेखक व्हान होगस्ट्राटेनने १६७८ साली छापली, सेगर्सला जाऊन चाळीसेक वर्षे झाल्यावर. कागदपत्रांतून दिसतो तो हार्लेमचा मुलगा अ‍ॅमस्टरडॅममध्ये निसर्गचित्रकार कोनिंक्सलोच्या हाताखाली शिकलेला, १६१२ मध्ये हार्लेमच्या चित्रकार-संघात दाखल झालेला. पुढे त्याने अ‍ॅमस्टरडॅमला लिंडेनग्राख्त कालव्याकाठी मोठे घर घेतले आणि १६३१ मध्ये कर्जापायी ते विकले. एवढे पुरावे असताना दारूच तेवढी का सांगायची?

‘प्रती’ हा शब्द तर जास्तच टोचला. मी तीस वर्षे एचिंग, म्हणजे तांब्याच्या प्लेटवर आम्लाने रेषा कोरून छाप काढण्याची कला, शिकवले. प्लेटमध्ये शाई भरायची, जाळीच्या कापडाने पुसायची, ओलसर कागद ठेवून प्रेसमधून काढायची आणि पंधरावा छापही पहिल्यासारखाच यावा म्हणून जीव टाकायचा. सेगर्स नेमके उलट करी. एकाच प्लेटचा एक छाप निळ्या शाईत, दुसरा आधी रंगवून घेतलेल्या कागदावर, तिसरा चक्क कापडावर. वरून पुन्हा ब्रशने रंग, कडा कापून नवीच चौकट. साखरेच्या द्रावणाने थेट तांब्यावर रेखाटायची युक्तीही त्याच्याकडे होती. इतरांना ती अठराव्या शतकात सापडली. सपाट हॉलंडमध्ये बसून त्याने ओसाड, खडकाळ दऱ्या कल्पनेने उभ्या केल्या. जहाजाची एक मोठी प्लेट कापून त्याच तुकड्यांवर त्याने डोंगर कोरले, तेव्हा जहाजाचे दोरखंड काही चित्रांत तसेच डोकावत राहिले! ५४ प्लेट्सचे मिळून १८० च्या आसपास छाप आज उरलेत. त्यातला प्रत्येक छाप स्वतंत्र चित्र आहे.

रेम्ब्रांटला हे कळले होते. सेगर्सची आठ रंगचित्रे त्याच्या संग्रही होती, शिवाय बायबलच्या कथेतला टोबायस आणि देवदूत कोरलेली सेगर्सची तांब्याची प्लेटही. त्या दोघांना घासून त्याने तिथे इजिप्तला निघालेले मेरी, जोसेफ आणि बाळ येशू काढले. सेगर्सचा निसर्ग मात्र त्याने बराचसा तसाच ठेवला, आणि झाडांच्या गर्दीत देवदूताच्या पंखाची रेषा अजून दिसते.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक, कोल्हापूर