शेजारच्या ताईंना, मनापासून

ताई, सप्रेम नमस्कार.

आमच्या घरी एकाच राउटरवर सगळ्यांचं चालतं. बाबांच्या मीटिंग, आजीचे व्हिडिओ कॉल, माझं काम आणि धाकट्या भावाचे गेम. संध्याकाळ झाली की कॉल अडकायचे, आवाज तुटायचा, आणि बोलणी मात्र ठरलेल्या माणसाला बसायची: भावाला. ती बोलणी तुमच्यामुळे थांबली, त्यासाठी हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुमची तपासायची रीत इतरांच्याही उपयोगाची आहे.

तुम्ही आल्याआल्या एकही सेटिंग बदललं नाहीत. आधी लॅपटॉप केबलने राउटरला जोडून वेग पाहिलात, मग आतल्या खोलीत वायफायवर. नंतर दोन पिंग लावलेत, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या चाचण्या, एक राउटरला आणि एक बाहेरच्या सर्व्हरला. राउटरच उशिरा उत्तर देत असेल तर दोष घरातल्या वायफायचा. राउटर चटकन बोलतो आणि बाहेरचं उत्तर रेंगाळतं, तर अडचण त्याच्या पुढे. इतकी साधी विभागणी आम्हाला आजवर कोणी सांगितली नव्हती. हेल्पलाइनवर फोन केला की 'राउटर बंद करून चालू करा' एवढंच ऐकायला मिळायचं.

वायफायचं काम लवकर उरकलं. राउटर टीव्हीमागच्या कपाटातून निघून उंचावर आला, टीव्हीला केबल लागली, जवळची उपकरणं वायफायच्या 5 गिगाहर्ट्झ पट्ट्यावर गेली. 2.4 गिगाहर्ट्झवर 1, 6 आणि 11 हे चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून आजूबाजूची गर्दी बघून तुम्ही 11 निवडलात.

खरी मेख अपलोडमध्ये होती. संध्याकाळी सगळे घरी आले की फोन वायफाय पकडून दिवसभराचे फोटो, व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लागायचे. अपलोडची वाट आधीच अरुंद. ती भरली की बाकी सगळ्यांची पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, राउटरमध्ये रांगेत खोळंबायची. डाउनलोडचीही गत तीच, कारण डेटा मिळाल्याची पोच वरच पाठवावी लागते. याला बफरब्लोट म्हणतात, हे तुमच्याकडून कळलं. पिंग चालू ठेवून तुम्ही माझ्या फोनचा बॅकअप सुरू केलात आणि आकडे आमच्या डोळ्यांदेखत चढले. थांबवलात, तसे उतरले. मग भावाला गेम लावायला सांगितलंत. आकडे जागचे हलले नाहीत! ऑनलाइन गेम डेटा अगदी थोडा वापरतो, त्याला हवा असतो तो वेळेवर मिळणारा प्रतिसाद, हे तुम्ही बाबांना शांतपणे समजावलंत. भावाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता.

राउटरमध्ये एसक्यूएम, म्हणजे ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय, होतं, कोणी सुरू केलं नव्हतं इतकंच. मोजलेल्या वेगाच्या साधारण 90 टक्क्यांवर मर्यादा घातलीत. वेगाचा कमाल आकडा थोडा उतरला, पण त्यासाठी घरात कोणी हळहळलं नाही. आजीचा कॉल आता बॅकअप चालू असतानाही तुटत नाही.

जुन्या-नव्या सगळ्या सेटिंग कागदावर लिहून दिल्यात, तेही फार बरं झालं. कागद भावाने स्वतःकडे ठेवलाय. त्याला तुमच्याकडून एसक्यूएम नीट शिकायचंय. तुम्हाला सवड असेल त्या दिवशी त्याला पाठवते.

तुमची शेजारीण