सुगी होती म्हणून गाव तरले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च २०२० च्या टाळेबंदीला पाच वर्षे उलटली. त्या निमित्ताने बरेच लिहिले-बोलले गेले आणि त्यात एक वाक्य मला वरचेवर भेटत राहिले: शहरात दुकाने ओस पडली, गावाला मात्र काही कमी पडले नाही. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील एका लहान गावात माझे किराणा मालाचे दुकान आहे. या वाक्यातला निम्मा भाग मला मान्य आहे. उरलेला निम्मा माझ्या उधारीच्या वहीत आहे आणि तोही कुठेतरी छापून यावा एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मान्य असलेला भाग आधी सांगतो. आमच्याकडे शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येतो. टाळेबंदी लागली तेव्हा ज्याला चार एकर रान आहे त्याच्या घरात नुकतीच मळून आणलेली ज्वारी होती, कडब्याची गंजी रचलेली होती आणि दारात दुभते जनावर होते. २०१९ च्या पावसाळ्याच्या शेवटी आमच्या भागात पाऊस चांगला झाला होता, त्यामुळे शाळूही बरा पिकला होता. हेच संकट बरोबर एक वर्ष आधी आले असते तर काय झाले असते, याचा विचार मी अनेकदा करतो. २०१९ च्या उन्हाळ्यात माणमध्ये चारा छावण्या होत्या, माणसे जनावरांसह छावणीत मुक्कामाला होती आणि पाणी टँकरने येत होते. एका वर्षाच्या अंतराने गाव वाचले. गाव स्वयंपूर्ण होते असे म्हणण्यापेक्षा सुगी नुकतीच झाली होती असे म्हणणे अधिक खरे आहे. भाद्रपदात कणगीचा तळ दिसू लागतो, तेव्हा ही बंदी आली असती तर गावाच्या सुखाचे हे कौतुक कोणी केले नसते.

आता वहीतला भाग. गावात सगळ्यांनाच रान नाही. माझ्या गिऱ्हाइकांत जवळजवळ निम्मी घरे अशी आहेत, की जी संध्याकाळी मजुरीचे पैसे हातात पडल्यावर दुकानात येतात आणि दहा रुपयांचे तेल, पाच रुपयांची चहापत्ती, पावशेर साखर असा त्या दिवसापुरता माल नेतात. या घरांना महिन्याचा बाजार ही गोष्टच ठाऊक नाही. उद्याची खरेदी उद्याच्या मजुरीतून होणार असते. त्यामुळे घबराटीने खरेदी करणाऱ्या माणसाने आज एक डबा जास्त नेला, की तो नेमका या माणसाच्या उद्याच्या बाटलीतून जातो.

हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. राज्यात २३ मार्चला संचारबंदी लागली आणि २४ तारखेच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी मध्यरात्रीपासून एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर केली. मधल्या चार तासांत जी दुकाने उघडी राहिली त्यांत माझेही होते. पगारदार माणसे, पेन्शनवाले आणि दोन दिवसांपूर्वी मुंबईहून येऊन पोहोचलेली मंडळी रोख पैसे घेऊन दारात उभी होती. माझ्याकडे तेलाचे पंधरा किलोचे तीन डबे होते. दोन डबे मी एकाच घराला दिले, कारण रोख मिळत होते आणि पुढे काय होणार हे मलाही कळत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई रिकामी बाटली घेऊन आली आणि ‘तात्या, तेल हाय का?’ म्हणाली, तेव्हा तिसऱ्या डब्याने तळ गाठला होता. ती काही बोलली नाही. बाटली पदराखाली धरून परत गेली, आणि पुढचे तीन दिवस तिच्या घरी बिनतेलाचे कोरड्यास झाले हे मला नंतर समजले.

त्या सकाळपासून मी माल वाटून द्यायला लागलो. घरटी आठवड्याला एक लिटर तेल, दोन किलो साखर, एक किलो तूरडाळ. रोख असो वा उधार, माप तेच. यावरून मला बऱ्याच शिव्या खाव्या लागल्या. ‘पैसे देतोय, फुकट मागतोय काय?’ हा प्रश्न रोज किमान दोनदा ऐकला. त्याला उत्तर माझ्याकडे नव्हते. कायद्याने मला असे माप ठरवण्याचा काही अधिकार होता की नाही, याचीही मला खात्री नव्हती.

इथे एका शब्दाविषयी थोडे थांबतो. आमच्या बायका उन्हाळ्यात वर्षाचे पापड, कुरडया, सांडगे, चटणी करून ठेवतात, डाळी करतात, ज्वारीला राख किंवा कडुलिंबाचा पाला लावून कणगी भरतात. या साठवणीला आम्ही बेगमी म्हणतो. ज्यांनी बहात्तरचा दुष्काळ पाहिला, खडी फोडली आणि सुकडी खाल्ली, त्या पिढीने ही सवय घट्ट धरून ठेवली आहे. बेगमी सुगीत होते, माल मुबलक असताना आणि भाव पडलेला असताना होते, म्हणून तिने कोणाच्या तोंडचा घास जात नाही. टंचाईची बातमी ऐकून धावत जाऊन केलेला साठा दिसायला तसाच असतो, पण तो नेमका उलट वेळी होतो. टाळेबंदीच्या काळात काही जण स्वतःच्या घरात भरलेली तेलाची पिंपे दाखवून ‘आमच्या आजीची शिकवण’ असे सांगत होते. त्यांच्या आजीने मार्चच्या चोवीस तारखेला रात्री नऊ वाजता बेगमी केली नसती.

माल मुळात का आटला, हे शहरी वाचकाला सहसा दिसत नाही. देशात धान्य नव्हते असे नाही. १ एप्रिल २०२० रोजी केंद्राच्या साठ्यात गहू आणि तांदूळ मिळून साडेपाच कोटी टनांहून अधिक धान्य होते. मंगळवेढा आमच्यापासून फार लांब नाही, त्यामुळे दुष्काळात कोठारे उघडणाऱ्या दामाजीपंतांची गोष्ट इकडे पोरासोरांना पाठ आहे. या वेळी कोठार भरलेले होते, अडचण कोठारापासून चुलीपर्यंतच्या रस्त्याची होती. माझा माल तालुक्याच्या ठिकाणच्या घाऊक दुकानातून येतो, तिथे तो साताऱ्याहून, सांगलीहून, नव्या मुंबईच्या बाजारातून येतो. टाळेबंदीच्या आदल्या दोन दिवसांत तालुक्याच्या गावातच घाऊक दुकानासमोर किरकोळ गिऱ्हाइकांच्या रांगा लागल्या आणि व्यापाऱ्याने तिथल्या तिथे रोखीने माल विकला. जे सहा डबे आठवड्याला मी आणायचो, त्यांतले मला दोन मिळाले, तेही चढ्या भावाने. एसटी २३ तारखेपासून बंद. टेम्पोवाल्याला प्रत्येक नाक्यावर अडवले जाई, कारण अत्यावश्यक माल कोणता याची यादी पोलिसाच्या मनात वेगळी आणि आदेशात वेगळी असे. सगळ्याच मालाच्या वाहतुकीला मोकळीक आहे, आवश्यक-अनावश्यक असा भेद करू नये, असा खुलासा केंद्रीय गृह मंत्रालयाला २९ मार्चला करावा लागला. सॅनिटरी पॅडही किराण्यातच मोडतात, हेसुद्धा त्याच पत्रात सांगावे लागले. गावातल्या मुलींनी तोवर काय केले असेल हे कोणी विचारले नाही. माझ्या दुकानात पॅडची मागणी माझ्याकडे नव्हे, माझ्या सुनेकडे होते, म्हणून मला ते निदान कळले.

याच दिवसांत शेतात वांगी, टोमॅटो, कोबी उभे होते आणि ते न्यायला कोणी नव्हते. आठवडी बाजार बंद झाला होता. काही शेतकऱ्यांनी भाजी गावात फुकट वाटली, काहींनी जनावरांपुढे टाकली. त्याआधी फेब्रुवारीपासूनच कोंबडीमुळे रोग होतो अशी आवई उठली होती आणि पोल्ट्रीवाल्यांनी पक्षी मिळेल त्या भावाला, प्रसंगी फुकटही, देऊन टाकले होते. म्हणजे गावात भाजी होती आणि ती परतायला तेल नव्हते. शहरात तेलाचे डबे होते आणि भाजीसाठी रांगा होत्या. आठवडी बाजार हा गर्दीचा म्हणून बंद केला हे समजण्यासारखे आहे. पण तो बंद करताना त्याच्या जागी काय, हे कोणी ठरवले नाही. तोच बाजार चार गावांत, चार वारांना, शाळेच्या पटांगणात चुन्याचे चौकोन आखून भरवता आला असता. एप्रिलच्या अखेरीस आमच्या काही पोरांनी ग्रामपंचायतीची परवानगी काढून तसे केले आणि त्यात काही बिघडले नाही.

मुंबईहून आलेल्यांविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर हे पत्र अप्रामाणिक होईल. आमच्या भागातली कितीतरी माणसे नव्या मुंबईच्या बाजार समितीत माथाडी म्हणून काम करतात. राज्याच्या पोटाला लागणाऱ्या पोत्यांना ज्यांचा खांदा लागतो, त्यांनाच गावाच्या वेशीवर काटेरी फांद्या आडव्या टाकून थांबवले गेले, हे मी पाहिले आहे. गावबंदीमागे रोगाची भीती होतीच, पण एक बोलून न दाखवलेली भीती मालाचीही होती: एवढी तोंडे वाढल्यावर दुकानात काय उरणार? ती भीती निराधार नव्हती. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवलेल्या माणसांचा किराणा कोणाच्या हिशेबात धरायचा, हे शेवटपर्यंत ठरले नाही. त्यांच्या घरच्यांनी तो उधारीवर नेला.

रेशनने हात दिला, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. माणशी पाच किलो मोफत तांदूळ एप्रिलपासून मिळाला. डाळ मागाहून आली. भाकरीच्या मुलखात नुसत्या तांदळावर चूल चालवणे सोपे नव्हते, बायकांनी त्याची धिरडी केली, ज्वारीच्या पिठात मिसळून भाकरी थापल्या. पण अन्नसुरक्षा यादीत ज्यांचे नाव नव्हते, त्या केशरी कार्डवाल्यांची गत वेगळी होती. ग्रामीण भागात या यादीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४ हजार रुपये आहे. वर्षाला पन्नास हजार मिळवणारा टमटमवाला, केस कापणारा, गवंडी हा सरकारच्या लेखी गरजू नव्हता आणि टाळेबंदीत त्याची कमाई शून्य झाली होती. राज्य सरकारने त्यांना मे आणि जून महिन्यांत माणशी तीन किलो गहू आठ रुपयांनी आणि दोन किलो तांदूळ बारा रुपयांनी दिला. चांगले केले. परंतु मार्चच्या चोवीस तारखेपासून मे महिन्यापर्यंतचे जे पाच आठवडे होते, ते या घरांनी माझ्यासारख्यांच्या वहीवर काढले. मी स्वतः तो भार फार दिवस पेलू शकलो नसतो. घाऊक व्यापारी त्या काळात रोखीशिवाय माल देत नव्हता. काहींनी शेतकऱ्यांकडून ज्वारी मजुरीत घेऊन तीच माझ्याकडे तेला-मिठाच्या बदल्यात घातली. पन्नास वर्षांपूर्वी माझे वडील असा व्यवहार करीत. मला तो पुन्हा करावा लागेल असे वाटले नव्हते.

पुढच्या खरिपात युरियाची तशीच ओढाताण झाली, आणि एप्रिल २०२१ मध्ये तर जिन्नस बदलून ऑक्सिजन आणि रेमडेसिविर झाला. चिठ्ठी हातात घेऊन साताऱ्यापर्यंत औषधाची दुकाने पालथी घालणारे नातेवाईक आमच्याही गावचे होते. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी औषधे विकत नाही, म्हणून अधिक लिहीत नाही. एवढेच नोंदवतो, की तिथेही रस्त्याच्या शेवटी राहणाऱ्या माणसाचा नंबर शेवटीच लागला.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की पुन्हा अशी वेळ आली तर सुगीच्या भरवशावर राहता येणार नाही. मास्क आणि सॅनिटायझर मार्च २०२० मध्ये अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली आणले गेले, त्यांचे कमाल भावही ठरले. तेल, डाळ, साखर, मीठ, साबण यांच्याबाबत भाव ठरवण्यापेक्षाही पहिल्या आठ दिवसांत माल कोणाकडे जातो यावर लक्ष ठेवणे जास्त गरजेचे आहे. बंदीचा आदेश निघेल त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांनी दोन गोष्टी जाहीर कराव्यात: किरकोळ दुकानात घरटी किती माल द्यायचा याचे माप, म्हणजे माझ्यासारख्याला ते स्वतःच्या जिवावर ठरवावे लागणार नाही, आणि घाऊक व्यापाऱ्याने खेड्यांतील दुकानांसाठी किती माल बाजूला ठेवायचा याचा वाटा.

हा वाटा कसा काढायचा, असे पुरवठा खात्याचे अधिकारी विचारतील. त्यासाठी नवे सर्वेक्षण नको, समिती नको. घाऊक व्यापारी मला माल देतो तेव्हा जीएसटीचे बिल करतो. त्यावर माझ्या दुकानाचे नाव, जिन्नस, नग, वजन सगळे असते. मागच्या तीन महिन्यांची बिले काढली, तर प्रत्येक खेड्याला आठवड्याला किती डबे तेल आणि किती कट्टे साखर लागते हे तहसील कार्यालयाला एका दुपारात कळेल. माझी २०२० सालची जानेवारी ते मार्चची बिले मी जपून ठेवली आहेत. कोणाला नमुन्यादाखल पाहायची असतील तर दुकान सकाळी सातपासून उघडे असते.

आपला,
एक किराणा दुकानदार,
ता. माण, जि. सातारा