‘ययाति’तील देवयानीला सहानुभूती का नाही?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आमच्या वाचनगटात या महिन्यात वि. स. खांडेकर यांची ‘ययाति’ वाचायला घेतली होती. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेली आणि पुढे मराठीला पहिले ज्ञानपीठ मिळवून देणारी ही कादंबरी मी महाविद्यालयात असताना वाचली होती, तेव्हा ती मला पूर्णपणे आवडली होती. या वेळी मात्र ती आवडली की नाही, या साध्या प्रश्नाचे उत्तर मला गटात देता आले नाही. चर्चेत ‘श्रेष्ठ’ आणि ‘कालबाह्य’ असे दोनच शेरे पुन्हा पुन्हा ऐकू आले आणि दोन्ही मला पटले नाहीत, म्हणून हे पत्र.

राजा ययाति, त्याची पत्नी देवयानी आणि तिची दासी झालेली शर्मिष्ठा या तिघांच्या निवेदनातून ही कथा उलगडते. त्यातील शर्मिष्ठेचे निवेदन आजही तितकेच अस्सल वाटते. राजकन्या असून दासीपण पत्करावे लागलेली ही स्त्री आपल्या दुःखाविषयी बोलताना स्वर चढवत नाही, आणि ययातीपासून झालेल्या तान्ह्या पुरूला घेऊन तिला राजवाडा सोडावा लागतो तो भाग तर मी थांबून दोनदा वाचला.

माझी अडचण देवयानीपाशी सुरू होते. तिच्या वडिलांचा शिष्य असलेल्या कचाने तिचे प्रेम नाकारले, शर्मिष्ठेने तिला विहिरीत ढकलले आणि पतीने तिच्याच दासीशी चोरून संबंध ठेवले. महाभारताच्या आदिपर्वातील मूळ कथेतही तिच्या संतापामागे ही कारणे आहेतच. खांडेकरांनी तिला स्वतःच्या तोंडून बोलण्याची संधी दिली, पण ती बोलू लागली की तिचा अहंकार आणि मत्सर एवढेच ठळक होत जाते, जणू तिला तिच्याच विरुद्ध साक्ष देण्यासाठी उभे केले आहे. ययाति आपल्या स्खलनाची कबुली देतो, तेव्हा त्या कबुलीमुळेच वाचक त्याला निम्मी क्षमा करून टाकतो. अपराध त्याचा असूनही ही सवलत त्याला मिळते आणि जिची फसवणूक झाली तिला मिळत नाही, हे मला या वाचनात फार खुपले.

ही कादंबरी देवयानीची नसून भोगामागे धावणाऱ्या माणसाची आहे, असे गटातील एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे पडले आणि ते मला मान्य आहे. पण त्या बाजूनेही माझे पूर्ण समाधान होत नाही. महाभारतातील ययाति म्हातारपणाच्या शापातून सुटण्यासाठी मुलाचे तारुण्य घेऊन हजार वर्षे भोग घेतो आणि मग उपभोगाने वासना शमत नाही असे म्हणतो. त्या वाक्यामागे हजार वर्षांचा अनुभव उभा असतो. कादंबरीतील ययाति पुरूचे तारुण्य घेतल्यावर लवकरच पश्चात्तापाकडे वळतो. बापाच्या मनातील माया त्यामुळे दिसते, हे खरे. मात्र त्याला ते शहाणपण फार स्वस्तात मिळाले, असे वाटत राहते.

भाषेबद्दल एवढेच सांगते की, विद्यार्थिदशेत ज्या सुभाषितवजा वाक्यांखाली मी पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या, तीच वाक्ये आता कथेच्या आड येतात. कच बोलू लागला की हे विशेष जाणवते.

एवढे असूनही पुस्तक मिटवून ठेवता आले नाही. ययातीचा पिता नहुष याची मुले कधीच सुखी होणार नाहीत, या शापाची छाया देहसुखामागे धावणाऱ्या ययातीवर आणि देहाचाच द्वेष करणाऱ्या त्याच्या थोरल्या भावावर, यतीवर, सारखीच पडलेली दाखवणे हे मोठ्या लेखकाचेच काम आहे. म्हणूनच देवयानीच्या बाबतीत त्याच लेखकाचा हात आखडता का राहिला, हा प्रश्न सुटत नाही. आम्ही पुढील बैठकीत केवळ तिच्या निवेदनाची प्रकरणे मोठ्याने वाचायचे ठरवले आहे. आपल्या वाचकांपैकी कोणाला ती प्रकरणे वेगळी जाणवली असतील, तर त्यांनी या सदरातून जरूर लिहावे.

आपली,
एक वाचक